चारगावचा निवाडा आणि माझं एक वाक्य

ही गोष्ट सांगायचं मी फार वर्षं टाळलं. लिहायचं म्हणून बसायचो आणि दुसरंच काहीतरी लिहून उठायचो. शाळेतल्या दिवसांवर लिहिलं, आमच्या तलावावर उतरणाऱ्या सारसांवर लिहिलं. एकदा तर खुद्द तलावावरच मोठा लेख लिहिला. तो कोणी बांधला, माती कशी वाहिली, चार गावं त्याचं पाणी कसं वाटून घेत, सगळं त्यात होतं. आणि शेवटी एक ओळ होती, ‘काळाच्या ओघात ही पद्धत बंद पडली.’ लेखाचं कौतुक झालं. त्या ओळीबद्दल कोणी काही विचारलं नाही.

ती ओळ खोटी आहे. काळाचा त्यात काही हात नव्हता. ती पद्धत एका संध्याकाळी एका वाक्यानं मोडली आणि ते वाक्य माझ्या तोंडचं होतं.

आता मी गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात मुलाकडे राहतो. मागच्या थंडीत टीव्हीवर बातम्या चालू होत्या. जगाच्या मोठ्या कोर्टानं एका देशाविरुद्ध निकाल दिला होता आणि त्या देशाचा मंत्री हसत हसत सांगत होता की आम्ही हे कोर्टच मानत नाही. सून बाजूला वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

“मामाजी, येवढं मोठं कोर्ट हाये, मंग त्याचं ऐकत काऊन नाई?”

मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेलं. उत्तर तोंडावरच होतं. मी तिला सांगितलं की त्या कोर्टाजवळ ना पोलीस, ना तुरुंग. देशांनीच आपापसात ठरवलेलं असतं की आपल्या सगळ्यांच्या वर एक जागा असावी आणि तिथं जे ठरेल ते आपण मानावं. मानलं तर कोर्ट, नाही मानलं तर चार भिंती.

“म्हणजे आपल्या चारगावसारखं,” ती म्हणाली. शेंगेवरची नजर न काढता ती पुढं बोलली, “बाबानं ते मोडलं नसतं तं आजबी असतं.”

मी रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज वाढवला.

बाबा म्हणजे तिचे वडील, माझे इवाई. आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात. ते आता नाहीत. चारगाव त्यांनी मोडलेलं नव्हतं. पण त्यांची मुलगी तसं समजते, माझं गाव तसं समजतं, माझा मुलगाही तसंच समजतो. खरं काय झालं हे ठाऊक असलेली चार माणसं होती. आता मी एकटा उरलो आहे.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूला. तलाव आमच्या शिवारात. त्याच्या पोटातून निघालेला कालवा आमच्या बांध्यांतून, म्हणजे धानाच्या वाफ्यांतून जातो, मग मधल्या दोन गावांतून, आणि अखेरीला इवायाच्या गावी जाऊन संपतो. तलाव बांधताना चारही गावांनी माती वाहिली होती, म्हणून पाणी चौघांचं. पण एक गाव पाण्याच्या उशाशी आणि एक शेपटाला, म्हटल्यावर भांडण ठरलेलंच. ते दरवर्षी होऊ नये म्हणून जुन्या माणसांनी चारही गावांच्या वर एक बैठक बसवली. प्रत्येक गावचा एक पंच. तिला नाव असं नव्हतं, लोक नुसतं ‘चारगाव’ म्हणत. सरकारी कागदावर तलाव कधीचाच सरकारचा झाला होता. तरी पाण्याच्या बाबतीत चारगावनं सांगितलं की कुठल्याही गावचा सरपंच किंवा पाटील त्यापुढं बोलत नसे. आपल्या गावात तो कितीही मोठा असो.

बैठक पारावर होई. आमच्याकडे तलावाच्या मातीच्या बांधाला पार म्हणतात. पंच सकाळी आपापल्या घरून शिदोरी घेऊन येत आणि चारही शिदोऱ्या मध्ये ठेवत. जेवायच्या वेळी आपली शिदोरी आपण खायची नाही, हा नियम. दुसऱ्या गावचं खायचं. पारावर चढला की तू तुझ्या गावचा राहत नाहीस, हे जुन्या लोकांनी माणसाच्या पोटातूनच त्याच्या लक्षात आणून दिलं होतं. शेवटच्या गावचे पंच इवाईच, आणि माझ्या वाट्याला बहुतेक त्यांचीच शिदोरी येई. त्यांच्या घरचे लाखोळीच्या डाळीचे वडे मला आवडत, आणि ते हे ओळखून फडकं माझ्याकडे सरकवत.

पारावर कोण काय बोललं हे खाली उतरून सांगायचं नाही, हाही नियम. पारावरचं पारावर. निवाडा एकच, चौघांचा मिळून. आणि तो ज्या गावाच्या विरुद्ध गेला असेल, त्याच गावच्या पंचानं आपल्या गावात जाऊन सांगायचा. मला हा नियम सगळ्यांत शहाणा वाटे. परक्यानं येऊन सांगितलं तर गावाला तो हुकूम वाटतो. आपल्या माणसानं सांगितलं तर गावाला वाटतं, आपणही तिथं होतो.

मी पंच झालो तो मास्तर म्हणून. दहावीच्या पोरांना जगाच्या कोर्टाचा धडा शिकवताना मी चारगावचंच उदाहरण देत असे. एखादा पोरगा विचारायचाच, सर, एखाद्या देशानं नाही ऐकलं तर? मी म्हणायचो, तर त्याला बाकीच्यांत तोंड दाखवायला जागा राहत नाही. मला माझं उत्तर फार आवडायचं.

त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस गेला तो आलाच नाही. हलका धान कसाबसा निघाला असता, पण त्या साली सगळ्यांनीच उशिरा पिकणारा भारी धान लावलेला. दसरा जवळ आला तसं धान पोटरीत, म्हणजे लोंबी धरायला आला आणि बांध्या भेगाळू लागल्या. अशा वेळी एक पाणी मिळालं तर पीक आहे, नाही मिळालं तर नुसता पेंढा. तलावात चार गावांना पुरेल इतकं पाणी नव्हतं.

कमी पाण्याच्या वर्षाचा नियम जुना होता. शेवटच्या गावाला आधी, मग मधल्या दोघांना, उरलं तर वरच्या गावाला. कारण उशाशी बसलेल्याच्या हाताला पाणी केव्हाही लागतं, शेपटाच्या माणसाला फक्त दिलं तरच मिळतं. आमचं गाव वरचं. त्या नियमाप्रमाणे आम्हाला काहीच उरत नव्हतं.

बैठक बसली. मधल्या गावांचे दोन्ही पंच वयस्क होते, जरा चाचरत बोलत होते. पहिल्यांदा स्पष्ट बोलले ते इवाई. ज्याला सगळ्यांत आधी पाणी मिळणार होतं तोच माणूस म्हणाला की वरच्या गावाचा धान डोळ्यांदेखत करपेल आणि पाणी त्यांच्या दारावरून वाहत जाईल, हे बरं दिसत नाही. माझ्या गावाचं निम्मं कमी करा, पण वरच्या बांध्यांना एक हलकं पाणी द्या. गरज माझीही आहे, पण माणसानं माणसाकडे पाहावं.

मधल्या दोघांनी माना डोलावल्या. मी विरोध केला.

आज त्याचं कारण शोधतो तेव्हा लाज वाटते. मला वाटलं, माझ्या गावाला सूट मिळाली तर लोक म्हणतील मास्तरनं आपल्या गावाचं साधलं. मला स्वतःकडे बघायला आवडत होतं, न्यायाच्या बाजूनं आपल्याच गावाविरुद्ध बसलेला माणूस म्हणून. मी बराच वेळ बोललो. नियम एकदा वाकवला की पुढच्या वर्षी दुसरा येऊन वाकवील, मग चारगावला अर्थ काय, असं बरंच. इवायानं दोनदा अडवलं. दुसऱ्या वेळी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाले, “मास्तर, नियम पान्यासाठी हाये ना, का पानी नियमासाठी?”

मी ऐकलं नाही. शेवटी माझ्याच बोलण्यावर निवाडा झाला. शेवटच्या गावाला पूर्ण पाणी, मग मधल्यांना, वरच्या गावाला उरलं तर. मग आम्ही शिदोऱ्या सोडल्या. मी वडे खाल्ले.

निवाडा आमच्याविरुद्ध, म्हणून तो गावात सांगायचं माझ्याकडे आलं. संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर गाव जमलं होतं. मी ओट्यावर उभं राहून सांगितलं. मला वाटलं होतं, थोडी कुरकुर होईल आणि मग माझ्या बोलण्याचा मान राहील.

लोक चिडून ओरडले असते तर एक वेळ सोपं गेलं असतं. त्यांनी सरळ प्रश्न विचारले. तलाव कोणाच्या शिवारात आहे? पार फुटला तर कोणाची घरं वाहून जातील? गाळ कोणाच्या वाटेनं काढतात? मग दुसऱ्या गावची माणसं आपल्या वर बसून आपल्याला कायले सांगतात? त्यांच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं. उत्तरही माझ्याजवळ होतं. ज्या साली पार खचला त्या साली बाकीच्या तीन गावांची माणसं आपली कामं टाकून आली होती, म्हणून आज आपली घरं उभी आहेत. मी तेच सांगायला लागलो होतो.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, “मास्तरची सून कोन्त्या गावची हाये, ते पाहा आधी.”

हसू पसरलं. दुसरा म्हणाला, “इवायाले पानी, मास्तरले वडे.”

पुन्हा हसले. माझ्या वर्गात शिकलेली पोरंही हसत होती. सकाळी ज्या भीतीपोटी मी इवायाची सूचना पाडली होती, तीच भीती दुसऱ्या बाजूनं समोर येऊन उभी राहिली होती. आपल्या गावाचं साधलं म्हणतील म्हणून मी पाणी नाकारलं, आणि आता लोक म्हणत होते, इवायाचं साधलं. मला त्या हसण्यातून बाहेर पडायचं होतं. बस, एवढंच.

मी म्हणालो, “मी आपल्या गावासाठी भांडलो. पण इवायानं बाकी दोघाले आधीच आपल्याकडे करून ठेवलं होतं. मी एकटा काय करणार?”

हसू थांबलं. लोकांनी माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं, जरा कणव घेऊन. कोणीतरी मला बसायला जागा करून दिली. इतकं सोपं होतं ते.

पुढचं सगळं त्या वाक्यातूनच आलं. निवाडा चौघांचा आहे असं वाटलं असतं तर गावानं रडतकढत का होईना, पण तो मानला असता. आजवर मानतच आलं होतं. पण मी त्यांना सांगितलं की तो चारगावचा निवाडा नाहीच, शेवटच्या गावच्या एका माणसानं जुळवून आणलेला डाव आहे. मग तो मोडण्यात पाप कसलं? वर्गात मी शिकवलं होतं की कोर्टाचं न ऐकणाऱ्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही. आपल्याच पंचानं येऊन ‘हे आपलं नव्हे, त्यांचं आहे’ असं सांगितलं तर ती लाज एका क्षणात नाहीशी होते, हे मात्र कुठल्या धड्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी आमच्या गावानं तुडुमाचं चाक फिरवलं. तुडूम म्हणजे तलावाची पाणी सोडायची मोरी. खालचा कालवा मातीच्या पोत्यांनी बंद केला आणि सगळं पाणी आपल्या बांध्यांत वळवलं. लपून नाही, चोरून नाही. अडवायला कोणी येणारच नव्हतं. चारगावजवळ शिपाई कधी नव्हताच. मी माझ्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा होतो. पाणी भेगांमध्ये शिरत शिरत माझ्याही बांधीत आलं. धानाच्या बुडाशी मातीचा रंग बदलत गेला. मी ते अडवलं नाही.

तीन दिशांनी निरोप गेले आणि चारगावची बैठक पुन्हा बसली. मी गेलो. न जाण्याइतकं धैर्यही माझ्यात नव्हतं. मी गावात काय बोललो हे तोवर तिघांच्याही कानावर आलेलं होतं. तरी मधल्या गावांच्या त्या दोघांनी तोंड उघडलं नाही. ते उघडायचं म्हणजे पारावर कोण काय बोललं ते बाहेर काढायचं आणि तसं करायचं नाही हा नियम. मी नियम मोडून वर खोटं बोललो होतो, आणि ते नियम पाळत असल्यामुळे माझं खोटं झाकलं जात होतं. मी खाली पाहत बसलो. मनात म्हणत होतो की कोणीतरी मला विचारावं. विचारलं असतं तर कदाचित बोललो असतो. कदाचित.

इवायानं विचारलं नाही. त्यांच्या मागे, दूरवर, त्यांच्या गावची शेतं पिवळी पडत चाललेली दिसत होती. त्यांनी पाण्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, “तुम्ही सांगितलं ते सांगितलं, मास्तर. आता आपन इथं बसून कोनाचं काय करून रायलो?”

त्यांनी मधे ठेवलेल्या शिदोऱ्यांतून आपली उचलली. फडकं सोडलं. आणि आमच्या तिघांसमोर, कोणाकडे न पाहता, आपलीच शिदोरी खाल्ली. भात होता, अंबाडीची भाजी होती आणि वडे होते. मग त्यांनी फडकं झटकलं, घडी घालून खांद्यावर टाकलं आणि पार उतरून गेले.

चारगाव तिथं संपलं. त्यानंतर ते कधी बसलं नाही.

त्यांच्या गावचा धान त्या साली पोचट गेला. लोंब्या ताठ उभ्या, आत दाणा नाही. त्यांच्या गावानंही त्यांनाच धरलं. वरच्या गावात पोरगी दिली म्हणून आपला पंच मऊ पडला, तुडूम फिरवलं तरी गप्प बसला, असं तिकडे बोलत. म्हणजे आमच्याकडे त्यांनी पाणी पळवलं आणि तिकडे त्यांनी पाणी सोडून दिलं. दोन्हीकडची शिवी एका माणसाच्या वाट्याला आली आणि तो माणूस एका शब्दानं दोन्ही पुसू शकत होता. त्यानं तो शब्द काढला नाही.

त्याच हिवाळ्यात आमच्याकडे नातवाचं बारसं झालं. त्यांच्या मुलीचं पहिलं लेकरू, म्हणून ते आले. मांडवात पाण्याचा पेला हातात घेतला तेव्हा आमच्या गावच्या एकानं मोठ्यानं म्हटलं, “थांबा इवाई. ह्या पान्याचा ठराव झाला का पारावर?”

लोक हसले. मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पानसुपारी देत होतो. मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. त्यांनी पेला खाली ठेवला. नातवाच्या हातात अंगठी घातली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि न जेवता निघून गेले. आमच्या गावचं पाणी ते पुन्हा कधी प्याले नाहीत.

सुनेला तो आपला अपमान वाटला. ती तेव्हा नवी होती, सासरच्या गावात तिला तोंड वर करून राहायचं होतं. विहिरीवर बाया तिला ऐकवत, तुझ्या बापानं आमचं पाणी तोडायला पाहिलं. ती माहेरी गेली तेव्हा बापाला म्हणाली की तुम्हाला माझ्या लेकरापेक्षा तुमचा राग मोठा झाला. त्यावर ते काही बोलले नाहीत, हे तिनंच घरी येऊन सांगितलं. “खरं असन म्हणूनच नाई बोलले,” ती म्हणाली. मी समोर बसून जेवत होतो. मी भात वाढून घेतला.

तिचं माहेर हळूहळू सणावारापुरतं उरलं, मग फोनपुरतं. बाप दारात येईना आणि तिचा पाय तिकडे वळेना. इकडे आमच्या गावात बोअरवेल झाल्या, मधल्या गावांनी नाल्यावर पंप बसवले, शेवटच्या गावचे काही जण कामाला नागपूरकडे गेले. चारगाव कोणाला आठवेनासं झालं. मी निवृत्त झालो, मुलाची नोकरी गोंदियात म्हणून आम्ही कुडव्याला आलो. मी तो लेख लिहिला. काळाच्या ओघात.

इवायाला दोन वर्षांपूर्वी गोंदियाच्या दवाखान्यात आणलं. सून रोज डबा घेऊन जायची. आजारानं बापलेकीत थोडं बोलणं सुरू झालं होतं, पण जपून, पाहुण्यांसारखं. एका दुपारी मी गेलो. मनाशी पक्कं करून गेलो होतो. ती चहा आणायला खाली गेली होती. ते उशीला टेकून बसले होते, फार वाळले होते. मी स्टूल ओढलं.

“इवाई, त्या वर्षीचं मला बोलायचं होतं.”

“कोन्त्या?”

“तलावाचं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असेल अशी माझी कितीतरी वर्षांची समजूत होती. तो नव्हता. फार दमलेल्या माणसासमोर कोणी जुनं ओझं आणून ठेवावं तसं त्यांनी पाहिलं.

“पारावरचं पारावर राहू द्या,” ते म्हणाले. दाराकडे एकदा बघून आवाज आणखी खाली आणला. “पोरीले तुमच्याच घरी राहाचं हाये, मास्तर. मी गेल्यावर तिले तुमीच हा.”

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं ते कोणासाठी गप्प होते. नियमासाठी तर होतेच. पण त्याहून जास्त म्हणजे, आपली मुलगी ज्याच्या घरात नांदते, ज्याला रोज ताट वाढते, तो माणूस काय आहे हे तिला कळू नये म्हणून. तिच्या नजरेत स्वतः उतरले, मला उतरू दिलं नाही.

हे कळल्यावर तरी मी बोलायला हवं होतं. मी काय केलं? मला हलकं वाटलं. त्यांनीच नको म्हटलं, असं मी मनात म्हणालो. सून चहा घेऊन आली, आम्ही पावसापाण्याचं बोललो.

पंधरवड्याच्या आत ते गेले. चारही गावांची माणसं घाटावर आली होती, इतकी एकत्र मी चारगाव मोडल्यापासून पाहिली नव्हती. आमच्याकडे घाटावर शोकसभा होते. मास्तर म्हणून मला बोलायला उभं केलं. वाटेत मी ठरवलं होतं की आज सांगायचं. याहून योग्य जागा नव्हती: चार गावं होती, ज्याला ऐकवायचं तो ऐकण्यापलीकडे गेला होता, आणि निदान त्याचं नाव तरी धुतलं गेलं असतं.

मी चांगलं बोललो. ते किती सरळ होते, किती न्यायी होते, असं बोललो. लोकांनी डोळे पुसले. जाताना माझ्याच गावचा एक जण म्हणाला, “मास्तर, येवढं झाल्यावरबी तुमी त्याचं चांगलंच बोलले. मोठं मन पाहिजे त्याले.” मी हात जोडले.

जे बोलायचं होतं ते फार थोडं होतं. वाटेत गाडीत मी ते मनात म्हणत होतो, त्यानंतरही पुष्कळदा म्हटलं आहे. हे कागद आता मी सुनेच्या हातात देणार आहे. तिनं वाचल्यावर या घरात माझ्यासाठी चहा होईल की नाही, मला माहीत नाही. ते तिनं ठरवावं. पण त्या दिवशी घाटावर चार गावांसमोर जे म्हणायला हवं होतं, ते इथं लिहितो:

इवाई, माझ्या गावाला पाणी द्या असं म्हणणारे तुम्ही होता. नको म्हणणारा मी होतो. गावात जाऊन मी उलटं सांगितलं, आणि ते ओझं तुम्ही आयुष्यभर वाहिलं. तुमचं काही चुकलं नव्हतं. बाई, तुझ्या बाबाचं काही चुकलं नव्हतं. मला माफ करा.